आधी पोरांचं अंग दमवा, मग खेळ काढा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. शाळेला पावसाची सुट्टी पडलीय, मोठा आठ वर्षांचा, धाकटी चारची, कोल्हापुरात दुधाळीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, तुमचं ऑफिसचं काम घरनंच चालू, सासूबाई घरात आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात, पोरांनी उड्या मारल्या की खालचे काका वर येतात, आणि शेवटी मोबाईल दिल्याशिवाय घर शांत होत नाही, काढून घेतला की रडारड. रंग आणले, क्ले आणला, पझल आणलं, सगळं दहा मिनिटात बाजूला पडलं, तर आता अजून काय आणू असं विचारलंय तुम्ही. मी राजारामपुरीत पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली, आणि जून ते सप्टेंबर म्हणजे माझ्याकडं रोजचा हाच विषय, अंगण नाही, दोन खोल्या आणि एक गॅलरी, आणि दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची पोरं. त्यामुळं खाली लिहिलंय ते सगळं करून बघितलेलं आहे.

आणू काहीच नका. घरात आहे तेवढं पुष्कळ आहे, घोळ होतोय तो क्रमात. सकाळी उठल्यापासनं पोरगं बसून आहे, नाष्टा झाला, आंघोळ झाली, आणि मग आपण त्याच्यापुढं रंग ठेवतो, म्हणजे परत बसच म्हणतो. शाळेच्या दिवशी बघा, जिने उतरणं, पाठीवर दप्तर, रिक्षात दाटीवाटी, मधल्या सुट्टीत पळापळ, संध्याकाळी खाली सायकल, हे आपण मोजत नाही पण अंगाला ते मिळत असतं. पाऊस लागून राहिला की ते सगळं एकदम बंद होतं आणि मग सोफ्यावरनं उड्या, बहिणीला ढकलणं, उगाच किंचाळणं असं करून ते कुठनंतरी बाहेर पडतं आणि आपण म्हणतो पोरगं वांड झालंय. त्याचं अंग आखडलंय, एवढंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांसाठी जे प्रमाण सांगितलं त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी, आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. पाच वर्षांच्या पुढच्यांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल. आता तुमच्या धाकटीचा गेल्या काही दिवसातला हिशोब काढून बघा, कुठं तीन तास आणि कुठं काय. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच, रोज सकाळी नाष्ट्यानंतर पाऊण तास आधी अंग दमवायचं, मग हाताचं काम, आणि सगळ्यात शेवटी, संध्याकाळी, कानानं ऐकायचं काय ते. हा क्रम पाळला तर तेच रंग आणि तेच पझल अर्धा तास चालतंय, तुम्ही स्वतः बघाल.

आता खालच्या काकांचं. अंग दमवायचं म्हणजे उड्याच मारायच्या असं काही नाही, उलट मी तर पावसात उड्या टाळतेच, कारण उड्यांनी पोरं अजून चेकाळतात. ढकलणं, ओढणं, उचलणं, हातावर वजन घेणं, याच्यानं पोरगं दमतं पण आणि शांत पण होतं, शिवाय आवाज जवळपास नाहीच. धाकटीला जुन्या चादरीवर बसवा, दोन टोकं मोठ्याच्या हातात द्या आणि या खोलीतनं त्या खोलीत ओढत न्यायला सांगा, गाडी कुठल्या कुठल्या स्टॉपला थांबणार ते तिनं ठरवायचं, रंकाळा, बिंदू चौक, दसरा चौक, काय म्हणेल ते. मग धाकटीची पाळी, तिनं भाऊ ओढायचा नाही, उशा भरून ओढायच्या. अर्धी भरलेली बादली बाथरूमपासनं गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत न सांडता न्यायची. भिंत ढकलायची, म्हणजे खरंच दोन्ही तळवे भिंतीला लावून, पाय मागं, दहा आकडे मोजेपर्यंत जोर लावायचा, भिंत हलली का विचारायचं. खेकडा चाल, म्हणजे पोट वर, हात मागं टेकून आडवं चालायचं, पोटावर एक उशी ठेवायची आणि ती पडू द्यायची नाही, हे चार वर्षांच्या पोराला पण जमतं आणि एका खोलीत दोन फेऱ्या झाल्या की धाप लागतीय. मोठ्याला जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार शिकवा, आकडा लिहून ठेवायला एक वही द्या. सुरू करायच्या आधी फरशी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या कारण या दिवसात फरशीला ओल सुटते, आणि पायात सॉक्स नकोत, अनवाणीच.

आणि कुस्ती. कोल्हापुरात राहून पोरांना घरात कुस्ती नको म्हणणारे आईबाप बघितले की मला वाईट वाटतं. पोरं धरपकड करणारच, तुम्ही नको म्हणालात तर सोफ्यामागं करतील आणि तिथं लागेल, त्यापेक्षा समोर घ्या आणि नियमानं घ्या. माझ्याकडं असं असतं: गादी खाली फरशीवर, भिंतीपासनं आणि कपाटापासनं चांगली हातभर लांब. क्लिपा, बांगड्या, चष्मा, गळ्यातला दोरा सगळं काढून ताटलीत. दोघांनी गुडघ्यावरच बसायचं, उभं राहायचंच नाही, म्हणजे पडलं तरी वीतभरच पडतंय आणि धपकन आवाज पण येत नाही. आधी सलामी. मानेला हात नाही, केसाला नाही, बोटं पिरगाळायची नाहीत. पाठ टेकली की चितपट, आणि कोणीही कधीही "बास" म्हटलं की जिथल्या तिथं हात सोडायचे, मग जिंकत असलात तरी. तीस आकडे मोजायचे, तेवढीच एक कुस्ती, मग पाणी. तुमच्याकडं आठ आणि चारची जोडी आहे म्हणजे मोठ्याचा एक हात पाठीमागं, आणि त्याचं काम धाकटीला पाडायचं नाही, तिनं ढकललं तरी आपण पडायचं नाही, असं ठेवा, त्याला पण कस लागतो आणि तिला पण. मोठं माणूस समोर पाहिजेच, हे सोडून दुसरीकडं फोनवर बोलत बसायचं नाही. मध्ये दम खायला बसली की त्यांना सांगा, की १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, तिथं चारी बाजूंनी उतार असा आहे की लांब बसलेल्याला पण मधला आखाडा दिसतो, आणि आखाड्याच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ करतात. पोरं हे ऐकून घेतात कारण आत्ताच स्वतः घाम गाळलेला असतो.

तुमच्या मीटिंगच्या वेळेसाठी एक आवाज न करणारा खेळ देते. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभं राहून नेम धरायचा. तेच घरात करा. मोज्यांचे गोळे करा, बादली ठेवा, आणि प्रत्येकानं पाच गोळे गुडघ्यावर बसून, पाच पालथं झोपून, पाच उभं राहून टाकायचे. पालथं झोपून टाकायला फार अवघड जातं, तिथं मोठी पोरं पण चुकतात, म्हणून धाकटीसाठी बादली जवळ घ्यायची. टाकायच्या आधी श्वास सोडायचा आणि बोलायचं नाही, बोललं तर तो गोळा बाद. तेजस्विनी सावंत २०१० ला जगज्जेती झाली ती पालथं झोपून नेम धरायच्याच प्रकारात, आणि ती पण कोल्हापूरचीच, हे सांगितलं की पालथं झोपायला कोणी तक्रार करत नाही, पोरी तर मुळीच नाही. मोठ्याला मार्क लिहायला बसवा, गणित आपोआप होतं.

आता हाताचं काम, आणि इथं मी माती सोडून दुसरं काही सुचवायला तयार नाही. दुकानातला रंगीत क्ले चांगला असतो पण लहान डबीत असतो आणि पोराला मूठभर नाही, ताटभर पाहिजे असतं. आषाढात बेंदूर असतो, आपल्याकडं मातीचे बैल पूजायची पद्धत, आणि श्रावण संपता संपता गणपतीची गडबड, त्यामुळं शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत नाहीतर गंगावेशीकडं, बापट कॅम्पला या दिवसात शाडू सहज मिळतो, कुंभारांचा कामाचा सीझन असतो तेव्हा गर्दीच्या वेळी जाऊन त्यांना थांबवू नका, पोत्यातली कोरडी माती तोलून घ्या आणि घरी भिजवा. थोडं थोडं पाणी घालून कणकेसारखी मळायची, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायची, सकाळी परत मळायची. हे मळणं पोरांकडनंच करून घ्यायचं, हातावर जोर येतो, तो पण व्यायामच.

बैल करताना पोरं आधी शिंगं करतात, कारण त्यांना शिंगं दिसतात. तसं करू द्या, पण पाय बारीक काढले की बैल बसतोच, म्हणून पाय चांगले जाड अंगठ्याएवढे करायला सांगा आणि चारी पाय पोटाला नुसते चिकटवू नका, दोन्हीकडं काडीनं आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मध्ये मातीचं घट्ट पाणी लावायचं, मग दाबून वरनं बोटानं माती सारायची. वाळताना जी तडा जाते ना, त्याचं कारण साधं आहे, पाणी उडालं की माती आकसते, शिंग आणि शेपूट बारीक म्हणून आधी आकसतात, पोट जाड म्हणून मागनं, आणि सांध्यावर ओढाताण होते. त्यामुळं पहिला दिवस शिंगांवर आणि शेपटीवर ओलं फडकं टाकून ठेवायचं आणि पंख्याखाली अजिबात ठेवायचं नाही. पावसाळी हवेत सावकाश वाळतं ते या कामाला चांगलंच आहे, तीन-चार दिवस लागले तर लागू दे, रोज सकाळी हात लावून बघायचं की अजून गार लागतंय का, गार लागतंय म्हणजे आत पाणी आहे. मोडला तर टाकायचा नाही, भाजलेला नाही ना, परत पाण्यात घातला की परत माती. एकच काळजी, मातीचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, शाडू पाईपात बसला की निघत नाही, बादलीत धुवा, माती खाली बसू द्या, वरचं पाणी ओता.

तुमचा मोठा तिसरीत असेल, त्याला या पावसाचंच काम द्या. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, जिथं ती निमुळती व्हायला लागते तिथं तुम्ही कापून द्या, वरचा तुकडा उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाला खाचखळगे असतात म्हणून आधी थोडं पाणी घालून जिथं सरळ अंग सुरू होतं तिथपर्यंत आणायचं आणि तिथं शून्याची रेघ. बाजूनं कागदाची पट्टी मिलिमीटरच्या खुणा करून सेलोटेपखाली चिकटवायची. टेरेसवर भिंतीपासनं लांब, चार विटांच्या मध्ये ठेवायची म्हणजे वाऱ्यानं पडत नाही. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपण पण तेव्हाच मोजायचा, लिहायचा, पाणी परत शून्यावर आणायचं. चोवीस तासात साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढं गेला तर तो जोरदार पाऊस, ११५.६ पासनं अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार, बातम्यांत रेड अलर्ट म्हणतात ना, तो साधारण एवढ्या पावसाच्या अंदाजाला देतात. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आता त्याला विचारा, आपली टेरेस दहा मीटर बाय दहा मीटर धरली आणि रात्रीत ५० मिलिमीटर पडला तर किती लिटर? पाच हजार. पाच हजार लिटर आपल्या डोक्यावर पडले म्हटल्यावर माझ्याकडची पोरं तोंड उघडं टाकून बघत बसतात.

त्याच वहीत शेजारी पंचगंगा नदीची पातळी लिहायची, राजाराम बंधाऱ्याची, ती रोज पेपरात आणि बातम्यांत येते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. भिंतीवर लांब कागद लावून रोज एक ठिपका, ३९ ला पिवळी रेघ आणि ४३ ला लाल. हे पोरांना घाबरवायला आहे असं वाटेल, मला तसा अनुभव नाही, घरातली मोठी माणसं हळू आवाजात पाण्याबद्दल बोलतात त्याची भीती जास्त असते, आकडा समोर दिसला की पोरगं विचारतं, बोलतं. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी असं पाणी मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, आणि राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप उघडतात, म्हणून बातमीत "तीन दरवाजे उघडले" असं येतं तेव्हा त्याला कळू दे की हे काय चाललंय.

धरणाचंच अजून एक, बाथरूममध्ये. प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडा, वर, मध्ये, खाली, सेलोटेप लावून बंद करा, भरा, आणि स्टुलावर ठेवून एकदम टेप ओढा. सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब जाते. खाली पाण्याचा दाब जास्त, म्हणून तर धरणाची भिंत पायात रुंद आणि वर बारीक असते. बाटली फरशीवर ठेवली तर खालची धार लगेच जमिनीला लागते आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो, म्हणून स्टूल पाहिजेच. पोरं हे एकदा करून थांबत नाहीत, पाणी बादलीत धरा आणि तेच परत वापरा.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालात, पण हात आणि आठवण शाबूत आहे ना, मग त्यांना पटावर बसवा, खुर्चीसमोर टेबल ठेवून. पाच घरं बाय पाच घरांचा पट, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आखा, चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुली आणि मध्यभागी फुली. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, शेंगदाणे, डाळ, बटणं, काहीही. चार चिंचोके पाट्यावर घासून एका बाजूनं पांढरे करायचे, हे घासायचं काम पोरांचं. टाकले की जेवढे पांढरे वर तेवढी घरं, चारी पांढरे पडले तर चार आणि परत डाव, सगळे काळे पडले तर आठ आणि परत डाव. बाहेरच्या रांगेतनं एक फेरी, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आत उलट दिशेनं फिरून मध्यभागी घर. आजींना याचे त्यांच्या माहेरचे वेगळे नियम येत असतील, तेच चालवा. मोठ्याला एक कामगिरी: शंभर वेळा टाकून कितीदा आठ पडले ते लिही. चिंचोके अगदी सारखे घासलेले असतील तर सोळात एकदा आठ आणि सोळात सहा वेळा दोन पडायला पाहिजेत, पण हाताने घासलेले कधीच सारखे नसतात, कुठल्या चिंचोक्यात खोट आहे ते तो शोधून काढेल. धाकटीजवळ चिंचोके असताना मात्र आजींची नजर पाहिजे, चार वर्षांची पोरं बी नाकात घालतात, आणि चिंचोका ओलीनं फुगतो, मग घरी चिमट्यानं काढायच्या भानगडीत न पडता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं.

पत्ते, सापशिडी, नाव-गाव-फळ-फूल, राजा-राणी-चोर-शिपाई, कागदी होड्या, हे सगळ्यांना माहिती आहे, त्याच्यावर लिहीत बसत नाही. एवढंच सांगते की बदाम सत्ती चार वर्षांच्या पोराला मोठ्यांबरोबर बसून खेळता येतो, पत्ते फक्त ओळीनं लावायचे असतात, त्यामुळं दोघांचा एकत्र डाव पाहिजे तेव्हा तो काढा, झब्बू नको, त्यात धाकटी हरते आणि रडते.

चार वाजता भूक लागतेच, त्याला काम समजा. चुरमुरे या हवेत सादळतात, ते तुम्ही कढईत गरम करून द्या, बाकी भेळ त्यांनी करायची. धाकटीला वाटीनं चुरमुरे मोजायचे, लसूण सोलायचा, शेंगा फोडायच्या, मक्याचं कणीस असेल तर दाणे काढायचे. मोठ्याला बोथट सुरीनं काकडी, टोमॅटो. गॅसजवळ कोणी नाही. सांडणार आहे, खाली पेपर अंथरा आणि ओरडू नका, पुसायचं फडकं पण त्यांच्याच हातात.

मोबाईलबद्दल. एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, तुम्हाला मीटिंग असतात आणि ते खरं आहे. पण सकाळी नाही, हे पक्कं. सकाळी मोबाईल दिला की त्याच्यानंतर चादरीची गाडी फिकी पडते, आणि अंग दमायचं राहून जातं. दुपारी जेवणानंतर, रोज त्याच वेळेला, जिथं तुम्ही दिसता तिथं बसून, आणि घड्याळाच्या काट्यावर न तोडता जो भाग चालू आहे तो संपला की बंद. माझ्या अनुभवात रडारड थांबवायचा एकच हमखास मार्ग आहे, बंद करायच्या आधीच पुढचं काम मांडून ठेवायचं. पट आखलेला, चिंचोके वाटीत, नाहीतर माती ताटात आणि पाण्याची वाटी शेजारी. मग मोबाईल घेताना "आता ठेव" म्हणायच्या ऐवजी "आजी थांबल्यात, तुझा डाव" म्हणता येतं. काहीच मांडलं नसेल आणि नुसतं हातातनं काढून घेतलं तर कुठलंही पोरगं रडेल.

आणि कंटाळा आला म्हणून आली तर लगेच धावू नका. अंग दमलेलं आहे, पोट भरलेलं आहे, तरी कंटाळा आलाय म्हणतायत, तर येऊ दे. जुनं लुगडं, दोन खुर्च्या, एक मोठा खोका हे कोपऱ्यात पडलेलं असू दे आणि तुम्ही तुमचं काम करा. पंधरा-वीस मिनिटं कुरकुर करतील आणि मग त्या लुगड्याचा तंबू होईल, दुकान होईल, दवाखाना होईल, ते तुम्ही सुचवलेल्या कुठल्याही खेळापेक्षा जास्त वेळ चालतं. फक्त लुगडं, ओढणी, दोरी गळ्यात अडकवायची नाही, उंचावर बांधायची नाही, हे आधी बजावून ठेवा. तसंच खेळण्यातली निम्मी एका पोत्यात भरून माळ्यावर टाका, पंधरा दिवसांनी अदलाबदल करा, नवीन आणल्यासारखंच होतं.

पाऊस थोडा उघडला, वीज चमकत नाहीये, तर टेरेसवर मोठ्या माणसाबरोबर वीस मिनिटं भिजू द्या, मग कोमट पाणी, कोरडे कपडे, गरम काहीतरी. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात मात्र पाय घालू देऊ नका, त्यात गटारीचं आणि जनावरांचं पाणी मिसळलेलं असतं, पायाला कुठं कापलं-खरचटलं असलं की लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या लघवीतनं पसरणाऱ्या तापाची भीती. आणि पूर बघायला म्हणून पोरांना शिवाजी पुलावर नेऊ नका.

संध्याकाळी लाईट जातात. इथं आजींचा तास. पोरं दमलेली असतात, हातानं काही करायचं नसतं, मग उखाणे, कोडी, गाण्याच्या भेंड्या, टॉर्चसमोर हाताच्या सावल्या. नाहीतर सगळ्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं बाहेरचे आवाज ऐकायचे आणि मग ज्यानं त्यानं सांगायचं, पत्र्यावरचा पाऊस, पन्हाळीतला, बेडूक, लांबनं जाणारी एसटी. आजींना विचारायला लावा की त्यांच्या लहानपणी घरात पाणी कधी आलं होतं, काय काय माळ्यावर नेलं. गोष्ट सांगा म्हटलं तर आठवत नाही म्हणतात, पण असा नेमका प्रश्न विचारला की तासभर बोलतात.

शेवटचं, दुधाळीच्या बाजूला राहता म्हणून मुद्दाम लिहिते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, घरात पाणी यायचं नाही, पण २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा पंपिंग स्टेशनं पाण्याखाली जाऊन नळ बंद झाले, लाईट गेले, आणि वरच्या मजल्यावरच्यांना पण नातेवाईकांकडं जावं लागलं. तसं निघायची वेळ आली तर मोठी माणसं कागदपत्रं आणि औषधं भरतात आणि पोरांचं काहीच घेतलं जात नाही, आणि मग दुसऱ्याच्या घरात नाहीतर शाळेच्या खोलीत पोरांना दिवसभर करायला काहीच नसतं. त्यामुळं पातळी ३९ ला आली की पोरांची एक पिशवी भरून दाराशी ठेवा: पत्त्यांचा कॅट, डबीत चिंचोके, घडी घातलेला पट, चार-पाच खडू, एक वही, दोन पेन्सिली, मोज्यांचे गोळे, ओढायची जुनी चादर, आणि धाकटी रोज जी गोधडी घेऊन झोपते ती, ती विसरू नका. दोघांची पूर्ण नावं आणि तुमचा फोन नंबर पिशवीवर मार्करनं लिहा, आणि शाई पावसात उतरते म्हणून वरनं रुंद सेलोटेप मारा.